छोट्या प्रायव्हेट लिमिटेडसाठीचं वार्षिक मूल्यांकन पॅकेज: काय घ्यावं, काय हातानं तपासावं

चार-पाच भागधारकांच्या कंपन्यांना सध्या एक वार्षिक पॅकेज विकलं जातं. ताळेबंद, शेअरहोल्डरांची यादी आणि लेजर अपलोड करायचं, की आठवडाभरात तीन कागद हातात. पहिला शेअरच्या मूल्याचा अहवाल, दुसरा कंपनीच्या मालमत्तेचं रजिस्टर आणि पुनर्मूल्यांकन, तिसरा भागधारकांना वर्षभरात गेलेल्या पैशांचा तक्ता: लाभांश, बायबॅक (कंपनीनं स्वतःचे शेअर परत विकत घेणं), उचल आणि त्यावरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर). विकणाऱ्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण याच साच्यातली पॅकेजं बरेच जण विकतात आणि चुकाही साच्यातल्याच आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. मालमत्तेचं रजिस्टर चांगलं आहे. शेअरचा अहवाल तपासून घेतला तर चालेल. तिसरा तक्ता आहे तसा फाईलला लावला तर तो कंपनीवरच उलटेल.

तपासणीसाठी एक नमुना ताळेबंद बनवला आणि त्यावर व्यवहार रचले ते आर्थिक वर्ष २०२४-२५ मधले. त्यामुळे पुढची कलमं आयकर कायदा १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि क्रमांक बदलतात. त्यानंतरच्या व्यवहाराच्या अहवालात जुनेच क्रमांक दिसले, तर साचा बदललेला नाही हे पहिल्याच पानावर कळेल.

शेअरचा अहवाल

नमुना कंपनीचं भागभांडवल १० लाख, म्हणजे १० रुपयांचे एक लाख शेअर. मालमत्तेच्या बाजूला जागा आणि इमारत ४० लाख, यंत्रसामग्री ६५ लाख, माल ८० लाख, येणी १०५ लाख, रोख आणि बँक २० लाख, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे शेअर १५ लाख, आणि अजून खर्ची न टाकलेला प्राथमिक खर्च ३ लाख. दुसऱ्या बाजूला राखीव निधी १४८ लाख, बँकेचं कर्ज ९० लाख, देणी ७० लाख आणि कोर्टात पडून असलेल्या एका दाव्यासाठी अंदाजानं केलेली १० लाखांची तरतूद. दोन्ही बाजू ३२८ लाख. आगाऊ कर आणि कराची तरतूद मुद्दाम घेतलेली नाही, कारण ती सूत्रात कशी बसवायची हा वेगळा वाद आहे.

पॅकेजनं दिलेला पहिला आकडा शेअरला १५८ रुपये. भांडवल अधिक राखीव निधी, भागिले शेअरची संख्या. हिशोबवहीपुरतं ते बरोबर आहे, पण शेअर हस्तांतराच्या करासाठी त्याचा उपयोग नाही.

आयकर नियम ११यूए मध्ये सूचीबाह्य (शेअर बाजारात न नोंदलेल्या) इक्विटी शेअरसाठी ठरलेलं सूत्र आहे: ए अधिक बी अधिक सी अधिक डी, वजा एल. ए म्हणजे सगळ्या मालमत्तेची पुस्तकी किंमत. पण त्यातून दागिने, कलाकृती, शेअर-रोखे आणि स्थावर काढायचं आणि ज्याच्यामागे कसलीच मालमत्ता नाही असा ताळेबंदात अडकलेला खर्चही काढायचा. बी म्हणजे दागिने आणि कलाकृतींची बाजारकिंमत, सी म्हणजे कंपनीकडच्या शेअर-रोख्यांची या नियमांनुसार येणारी किंमत. डी म्हणजे स्थावराचं मुद्रांक शुल्कासाठी धरलं जाणारं मूल्य, म्हणजे आपल्याकडे रेडी रेकनर. एल म्हणजे देणी. त्यात भागभांडवल, राखीव निधी, अनिश्चित देण्यांच्या तरतुदी आणि संभाव्य देणी धरायची नाहीत.

नमुन्यात हे असं उतरतं. ए मध्ये यंत्र, माल, येणी आणि रोख मिळून २७० लाख. प्राथमिक खर्चाचे ३ लाख गळाले. बी शून्य. कंपनीकडच्या शेअरची त्या दिवशीची किंमत २७ लाख, तो सी. इथे त्या दिवसाचा सर्वांत खालचा भाव लागतो. पॅकेजनं बंद भाव घेतला होता. फरक थोडाच पडतो, पण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तो लगेच दिसतो. जागेचं रेडी रेकनर मूल्य २१० लाख, तो डी. बेरीज ५०७ लाख. एल मध्ये कर्ज आणि देणी मिळून १६० लाख. कोर्टाच्या दाव्याची तरतूद अंदाजाची, म्हणून ती बाहेर. उरले ३४७ लाख, शेअरला ३४७ रुपये.

१५८ आणि ३४७ यांतला फरक कोणाच्या खिशाला लागतो ते बघा. एक भागधारक त्याचे २०,००० शेअर दुसऱ्याला १५८ नं विकतो. हातात आले ३१ लाख ६० हजार. नियमानुसार मूल्य ६९ लाख ४० हजार. कलम ५०सीए नुसार विकणाऱ्याचा भांडवली नफा ६९.४० लाखांना विकल्यासारखा मोजायचा. कलम ५६(२)(एक्स) नुसार घेणाऱ्याला ३७ लाख ८० हजारांचं ‘इतर उत्पन्न’ झालं असं धरायचं. शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असतील आणि विक्री २३ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल, तर विकणाऱ्यावर या फरकापोटी साडेबारा टक्क्यांनी ४,७२,५०० रुपये जादा. घेणारा तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याच्यावर ११,३४,००० रुपये. उपकर आणि अधिभार वेगळा. जे ३७.८० लाख कोणाच्याच हातात पडले नाहीत, त्यांच्यावर सोळा लाखांच्या वर कर. घेणाऱ्याला एवढाच दिलासा की पुढे तो शेअर विकेल तेव्हा त्याची खरेदीकिंमत ६९.४० लाख धरली जाते.

हा दुहेरी फटका अहवालात कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही. शेवटच्या पानावर ‘नातेवाइकांमधील व्यवहारास सूट’ एवढी ओळ आहे, आणि ती अर्धवट असल्यानं जास्तच धोक्याची. सूट ५६(२)(एक्स) मध्ये आहे, म्हणजे घेणाऱ्याला. ५०सीए मध्ये नात्याची सूट नाही. सख्ख्या भावानं भावाला स्वस्तात शेअर विकले तर घेणारा सुटतो, विकणारा अडकतो. तेच शेअर बक्षीस दिले तर ते हस्तांतरच धरलं जात नाही आणि दोघंही सुटतात. शिवाय नातेवाईक कोण हे कायद्यानं मोजून सांगितलंय: काका, मामा, आत्या, मावशी त्यात आहेत, चुलतभाऊ, मावसभाऊ नाहीत. दोन सख्ख्या भावांनी काढलेल्या आणि आता त्यांची मुलं चालवत असलेल्या कंपन्यांमध्ये नेमका हाच व्यवहार होतो.

तारखेचा मुद्दा याहून अवघड. सूत्रात लागतो तो मूल्यांकनाच्या तारखेचा ताळेबंद, तोही लेखापरीक्षित. पॅकेज फक्त ३१ मार्चचा ताळेबंद मागतं आणि नोव्हेंबरातल्या हस्तांतराला तोच लावतं. मधल्या आठ महिन्यांचा नफा, फेडलेलं कर्ज, वाढलेली येणी, सगळं हिशोबातून गायब. अशा छोट्या कंपनीला दर हस्तांतरासाठी वेगळं लेखापरीक्षण परवडत नाही, हे खरं. व्यवहारात बरेच सीए हस्तांतराची तारीखच ३१ मार्चला आणून ठेवतात: आधी कच्च्या ताळेबंदावर आकडा काढायचा, किंमत त्याहून थोडी वर ठरवायची, आणि लेखापरीक्षण झालं की अंतिम आकडा किमतीच्या आत बसतोय ना ते बघायचं. ५६(२)(एक्स) मध्ये ५०,००० रुपयांपर्यंतचा फरक माफ आहे. त्याच्यावर गेलात की सगळाच फरक उत्पन्नात जातो, फक्त वरचा नव्हे. ५०सीए मध्ये तेवढीही माफी नाही.

दुसरा आकडा डीसीएफ पद्धतीचा, म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या रोखप्रवाहावरून काढलेला, आणि शेवटी दोन्हींची सरासरी. सरासरीला ‘नियम ११यूए नुसार मूल्य’ असं नाव दिलंय. असलेले इक्विटी शेअर एका हातातून दुसऱ्या हातात जातात तेव्हा डीसीएफला जागाच नाही. तिथे फक्त वरचं सूत्र. डीसीएफचा पर्याय होता तो कलम ५६(२)(सात-बी) साठी, म्हणजे कंपनीनं नवे शेअर जादा किमतीला दिले तर लागणाऱ्या ‘एंजल टॅक्स’साठी. तो कर २०१२ च्या वित्त कायद्यानं आला आणि २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्यानं कर निर्धारण वर्ष २०२५-२६ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५) पासून गेला. अहवालात मात्र त्याच्यावर पूर्ण दोन पानं. साचा जुना, फक्त तारीख नवी.

डीसीएफ निरुपयोगी आहे असं नाही. नवीन गुंतवणूकदाराला शेअर देताना कंपनी कायद्याच्या कलम ६२(१)(सी) खाली रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा (नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा) अहवाल लागतो, आणि परदेशी व्यक्तीला शेअर देताना फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) किंमत-नियमासाठी सीए किंवा मर्चंट बँकरचं प्रमाणपत्र लागतं. तिथे डीसीएफ चालतं. सांगायचं एवढंच की एकाच शेअरची एकाच दिवशी तीन कामांसाठी तीन मूल्यं असू शकतात आणि तिन्ही बरोबर. पॅकेज तिन्ही कामांना एकच आकडा देतं.

सहीचंही बघून घ्या. रजिस्टर्ड व्हॅल्युअरची नोंदणी तीन वर्गांत होते: जमीन-इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. पॅकेजच्या तिन्ही कागदांवर एकाच व्हॅल्युअरची सही आणि त्याची नोंदणी फक्त तिसऱ्या वर्गात. यंत्रांच्या मूल्यांकनावरची त्याची सही कंपनी कायद्यात चालणार नाही. आणि कंपनीकडे दागिने-कलाकृती नसतील तर हस्तांतराच्या ११यूए साठी व्हॅल्युअर लागतच नाही; ती गणना कंपनीचा सीए करून देऊ शकतो. प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन (सीएच्या सहीची खातरजमा करण्याचा क्रमांक) आहे ना, एवढं पाहावं.

मालमत्तेचं रजिस्टर

हा भाग मन लावून केलाय. प्रत्येक मालमत्तेला दोन रकाने: कंपनी कायद्याच्या अनुसूची दोनप्रमाणे उपयुक्त आयुष्य आणि घसारा, शेजारी आयकराचा ब्लॉक (एकाच दराच्या मालमत्तांचा गट) आणि दर. यंत्रसामग्री १५ टक्के, संगणक ४० टक्के, कारखाना किंवा ऑफिसची इमारत १० टक्के, फर्निचर १० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या वस्तूला निम्मा दर आपोआप लागतो, कारण रजिस्टर खरेदीची नव्हे, वापर सुरू झाल्याची तारीख विचारतं. बऱ्याच कंपन्यांच्या एक्सेलमध्ये हा रकानाच नसतो, आणि मार्चमध्ये बिल झालेलं पण एप्रिलमध्ये चालू झालेलं यंत्र त्याच वर्षी घसारा घेऊन जातं.

जुनं यंत्र विकल्यावरही रजिस्टर बरोबर वागतं. कंपनीच्या पुस्तकात त्या यंत्रावर नफा किंवा तोटा दिसतो. आयकरात तसं काही नसतं, विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा होते. ब्लॉक ऋण झाला, किंवा ब्लॉकमध्ये एकही वस्तू उरली नाही, तरच कलम ५० खाली अल्पकालीन भांडवली नफा-तोटा. विकत घेतलेलं गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) १ एप्रिल २०२० पासून घसाऱ्याला पात्र नाही, हेही त्यात वेगळं काढून ठेवलंय.

पुनर्मूल्यांकनाच्या अहवालाबद्दल मात्र सावध राहा. नमुन्यातली ६५ लाखांची यंत्रं बाजारात ९० लाखांची आहेत असं पॅकेजनं दाखवलं आणि ‘ताळेबंद मजबूत करण्यासाठी’ ही वाढ पुस्तकात घ्यावी असं सुचवलं. लेखामानक १० प्रमाणे एकट्या यंत्राचं पुनर्मूल्यांकन चालत नाही, त्या प्रकारातली सगळी यंत्रं घ्यावी लागतात. हे त्यांनी पाळलं. पण करासाठी या २५ लाखांचं काय होतं हे सांगितलं नाही. आयकराचा घसारा प्रत्यक्ष किमतीवर चालतो, त्यामुळे एक रुपयाही वाढत नाही. लाभांश वाटण्यासाठी हा नफा धरता येत नाही, कंपनी कायद्याचं कलम १२३ अवास्तविक आणि पुनर्मूल्यांकनाचे नफे वगळायला सांगतं. आणि ११यूए च्या सूत्रात यंत्रं येतात ती पुस्तकी किमतीला. म्हणजे पुस्तकी किंमत २५ लाखांनी वाढली की शेअरचं मूल्य ३४७ वरून ३७२ झालं. मिळालं काय, तर बँकेला दाखवायला जरा बरा ताळेबंद. त्या वर्षात कोणी शेअर विकणार असेल तर शेअरमागे २५ रुपयांचा जादा करपात्र आकडा फुकटात ओढवून घेतला.

सगळा धंदाच एकरकमी विकायचा झाला, म्हणजे स्लम्प सेल, तर गोष्ट आणखी तिरकी होते. कलम ५०बी मध्ये खरेदीकिमतीच्या जागी निव्वळ मूल्य येतं, आणि ते काढताना पुनर्मूल्यांकन वगळायचं; घसारापात्र वस्तूंना आयकर ब्लॉकचा डब्ल्यूडीव्ही (घसारा वजा जाता उरलेली किंमत) लावायचा, कंपनी कायद्याचा नव्हे. विक्रीकिमतीच्या बाजूला नियम ११यूएई, मे २०२१ पासून: दिलेल्या मालमत्तेचं सूत्रानं येणारं मूल्य आणि मिळालेला मोबदला, यांतलं जे जास्त ते. पॅकेजच्या स्लम्प सेल तक्त्यात डब्ल्यूडीव्ही कंपनी कायद्याचा उचललेला होता. स्वतःच्याच रजिस्टरमध्ये शेजारच्या रकान्यात बरोबर आकडा असताना! फॉर्म ३सीईए (स्लम्प सेलसाठीचा सीएचा अहवाल) चा उल्लेख होता, तो विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी जायला हवा हे नव्हतं.

शेवटच्या मालसाठ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरेदीकिंमत किंवा निव्वळ विक्रीमूल्य, यांतलं कमी ते. फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरणं) किंवा भारित सरासरी. पॅकेज ते बरोबर करतं.

भागधारकांचा तक्ता

इथे खरी पडझड आहे.

लाभांशापासून सुरुवात. १ एप्रिल २०२० पासून लाभांशाचा कर भागधारकावर आहे आणि कंपनीनं कलम १९४ खाली १० टक्के टीडीएस कापायचा. तक्त्यात २०२४-२५ साठी ५,००० रुपयांची मर्यादा घेतली ती बरोबर. २०२५-२६ पासून ती १०,००० आहे. पण ही मर्यादा फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे. नमुन्यात एक भागधारक हिंदू अविभक्त कुटुंब होतं आणि एक एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). दोघांना ४,५०० रुपये लाभांश. तक्त्यानं दोघांचाही टीडीएस शून्य दाखवला. दोघांचाही कापायला हवा होता, पहिल्या रुपयापासून. व्यक्तींच्या बाबतीतही अंतरिम आणि अंतिम लाभांश वेगवेगळे तपासले, वर्षाची बेरीज केलीच नाही. पॅन नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर दर २० टक्के. तो रकाना नाही. अनिवासी भागधारकाला कलम १९५ लागतं, २० टक्के अधिक अधिभार-उपकर किंवा त्या देशाशी झालेल्या करकरारातला दर, आणि तक्त्यात त्यालाही १० टक्केच.

कंपनी कायद्याचं वेळापत्रक तक्त्यात नीट आहे: जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात, तीस दिवसांत वाटप, उरलेली त्यापुढच्या सात दिवसांत न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात. ते तेवढं वापरा.

भागधारक स्वतः कंपनी असेल तर कलम ८०एम खाली, मिळालेला लाभांश विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधीपर्यंत पुढे वाटला तर वजावट मिळते. धारक कंपनी वर आणि चालती कंपनी खाली अशी रचना असलेल्यांना हा मोठा फायदा आहे आणि तक्ता त्याबद्दल गप्प. व्यक्ती-भागधारकाला २०२४-२५ मध्ये लाभांशाविरुद्ध फक्त व्याजखर्च मिळत होता, तोही लाभांशाच्या २० टक्क्यांपर्यंत.

आता उचल. छोट्या कंपनीत भागधारकाकडे पैसा जाण्याचा खरा रस्ता हाच असतो. कलम २(२२)(ई): प्रायव्हेट कंपनीनं १० टक्के किंवा जास्त मतदान-हक्क असलेल्या भागधारकाला कर्ज किंवा उचल दिली, किंवा तो ज्या फर्ममध्ये वा कंपनीत भरीव हिस्सेदार आहे तिला दिली, किंवा त्याच्या वतीनं खर्च केला, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्यापुरती ती रक्कम लाभांश मानायची. ‘मानीव लाभांश’ म्हणतात तो हा.

नमुन्यात ४० टक्क्यांच्या भागधारक-संचालकानं ९ जूनला फ्लॅटच्या बुकिंगसाठी १२ लाख उचलले आणि २८ मार्चला परत भरले. तक्त्यातला शेरा: ‘वर्षअखेर शिल्लक शून्य, सबब लागू नाही.’ हे साफ चूक. पैसे दिले त्या क्षणी लाभांश झाला. नंतर फेडले म्हणून तो पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये तरुलता श्याम प्रकरणात हे सांगून ठेवलंय. त्या १२ लाखांवर १ लाख २० हजारांचा टीडीएस ७ जुलैपर्यंत भरायला हवा होता. न कापल्याबद्दल महिन्याला एक टक्का व्याज, कापून न भरल्यास दीड टक्का, आणि २६क्यू (टीडीएसचं तिमाही विवरणपत्र) उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये.

आणखी एक बारीक गोष्ट, जी सीएसुद्धा विसरतात. मानीव लाभांश म्हणून कर भरलेली उचल खात्यावर तशीच उभी असेल आणि कंपनीनं पुढे खरा लाभांश जाहीर करून तो त्या उचलीतून वळता केला, तर वळता केलेला भाग पुन्हा लाभांश धरला जात नाही. पण उचल आधीच फेडून टाकली असेल तर वळतं करायला काही उरत नाही. म्हणजे घाईघाईनं मार्चमध्ये पैसे परत भरले की पहिला करही टळत नाही आणि पुढची सवलतही जाते. खातं पुसून स्वच्छ दिसावं या हौसेची ही किंमत.

हे तपासायचं कसं, तर संचालकाचं लेजर तारीखवार लावा आणि दर दिवसाची शिल्लक बघा. त्यानं कंपनीला आधी पैसे दिलेले असतील आणि तो तेच काढत असेल, तर ती त्याच्या येण्याची परतफेड आहे, उचल नाही. शिल्लक ज्या दिवशी नावेच्या बाजूला (म्हणजे संचालकच कंपनीचं देणं लागतो अशी) गेली त्या दिवशी कलम जागं होतं, आणि तेही गेली तेवढ्याच रकमेपुरतं. साठलेला नफा त्या दिवसापर्यंतचा मोजायचा, मागच्या मार्चचा नव्हे. पॅकेज फक्त वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक वाचतं, म्हणून मधलं काही त्याला दिसतच नाही.

उलट्या दिशेनंही ते चुकतं. संचालकाच्या पत्नीच्या फर्मला कच्च्या मालासाठी दिलेला ६ लाखांचा ॲडव्हान्स पॅकेजनं मानीव लाभांश म्हणून लाल रंगात दाखवला. एक तर त्या फर्ममध्ये संचालक स्वतः भागीदार नव्हता. दुसरं, धंद्याच्या ओघात दिलेले व्यापारी ॲडव्हान्स या कलमात येत नाहीत असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं १२ जून २०१७ चं परिपत्रक क्रमांक १९ सांगतं. खरेदी ऑर्डर, नंतरची बिलं आणि मालाची आवक फाईलला लावली की काम झालं.

बायबॅकचा हिशोब तर जुन्या कायद्यावरच चालू होता. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत कलम ११५क्यूए खाली कंपनी कर भरायची, अधिभार-उपकर धरून २३.२९६ टक्के, आणि भागधारकाच्या हातातली रक्कम करमुक्त. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंद. नमुन्याच्या वर्षात त्यानंतरच्या बायबॅकची पूर्ण रक्कम भागधारकाच्या हातात लाभांश, शेअरची मूळ किंमत वजा न करता. मूळ किंमत वेगळी भांडवली तोटा म्हणून मिळते. नमुन्यात डिसेंबर २०२४ मध्ये ५,००० शेअर ३४७ नं परत घेतले: १७,३५,००० रुपये. टीडीएस १,७३,५००, हातात १५,६१,५००. मूळ किंमत १० रुपयांप्रमाणे ५०,०००, तो दीर्घकालीन भांडवली तोटा. आठ वर्षं पुढे नेता येतो, पण दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. व्याजखर्चाची २० टक्क्यांची वजावटही इथे नाही. तक्त्यानं कंपनीकडून २३.२९६ टक्के कर भरायला सांगितला आणि भागधारकाला ‘करमुक्त’ असा शिक्का मारला. कंपनीनं तसं केलं असतं तर नको तिथे कर गेला असता, आणि जिथे टीडीएस कापायचा तिथे कसूर.

मर्यादांचा भाग बरा जमलाय: भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंत विशेष ठरावानं, १० टक्क्यांपर्यंत संचालक मंडळाच्या ठरावानं, नंतर कर्जाचं प्रमाण दोनास एकच्या आत.

संचालकांचा पगार, सिटिंग फी (सभेला हजर राहण्याचं मानधन), कंपनीनं त्यांच्या कर्जावर दिलेलं व्याज, त्यांच्या जागेचं भाडं, या सगळ्यांना तक्त्यात ‘संचालक देयके’ असा एकच रकाना आहे. प्रत्येकाचं टीडीएस कलम वेगळं: १९२, १९४जे, १९४ए, १९४आय. रकाना फोडून मागा. कर्ज रोखीनं घेतलं-फेडलं असेल तर २०,००० रुपयांची मर्यादा वेगळीच.

सेवा म्हणून

ठरलेल्या वेळेत कागद येतात. शंका विचारली की उत्तर येतं, पण ते साचा भरणाऱ्याकडून. सही करणाऱ्यापर्यंत प्रश्न पोहोचवायला दोनदा मागे लागावं लागलं. पंधरा दिवसांत एक दुरुस्ती फुकट. आयकराची नोटीस पंधरा दिवसांत येत नाही, दोन-तीन वर्षांनी येते, आणि तेव्हा उत्तर देताना सही करणाऱ्याची साथ मिळेल का, यावर करारपत्रात एक शब्द नाही. करार करण्यापूर्वी ते कलम लिहून घ्या.

अहवाल पीडीएफमध्ये येतो. एक्सेल मागितली तर देतात, पण सूत्रं काढून टाकलेली, नुसते आकडे. सूत्रांसकट मागा आणि सी, डी, एल हे तीन रकाने स्वतः उघडून बघा: सी मध्ये कोणता भाव घेतला, डी मध्ये रेडी रेकनर कोणत्या वर्षाचा, एल मध्ये कोणती तरतूद शिरली. सूत्रांसकट द्यायला नकार मिळाला, तर फक्त मालमत्तेचं रजिस्टर घ्या आणि बाकीचे दोन कागद आपल्या सीएकडून करून घ्या.